पटलं नाही म्हणून काढलं

एप्रिल १९६३. तोक्योच्या नेरिमा भागात ओइझुमी इथे 'तोएई दोगा' नावाचा कार्टूनपटांचा स्टुडिओ होता. तिथे त्या महिन्यात काही नवी मुलंमुली कामाला लागली. त्यांत बावीस वर्षांचा, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला हायाओ मियाझाकी होता. पदवी गाकुशुइन विद्यापीठाची, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची. पगार महिना १९,५०० येन. राहायला साडेचार तातामींची, म्हणजे तेवढ्या जपानी चटया मावतील अशी खोली, आपल्या हिशेबाने जेमतेम ८० चौरस फुटांची. तिचं भाडं ६,००० येन, म्हणजे पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा डोक्यावरच्या छपरातच जायचा.

हा मुलगा पुढे कोण झाला ते आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. 'माय नेबर तोतोरो', 'प्रिन्सेस मोनोनोके', 'स्पिरिटेड अवे', घिबली स्टुडिओ, सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाची दोन ऑस्कर. पांढऱ्या दाढीच्या त्या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला ओढ आहे ती त्या बावीस वर्षांच्या मुलाची. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आपल्याला ॲनिमेटर व्हायचंय की मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा काढायच्या आहेत, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. पण पाहिलेल्या प्रत्येक कार्टूनविषयी त्याला ठाम मत होतं, आणि ते पोटात ठेवण्याची सवय नव्हती.

चित्रं काढणारी, कार्टून बघणारी आणि बघितलेल्यावर तासन्‌तास वाद घालणारी मुलं आज मराठी घराघरांत आहेत. पुण्या-मुंबईत आहेत तशी लातूर-कोल्हापुरातही आहेत. त्यांना ॲनिमेशनमध्ये जायचंय. घरचे विचारतात, कोर्स किती वर्षांचा, फी किती, पुढे नोकरी लागेल ना. हे प्रश्न रास्तच आहेत. पण अमक्या मालिकेचा शेवट फसलाय, तमक्या सिनेमातली मुलगी नुसती शोभेला ठेवलीय, असं तो मुलगा ताटावर बसून सांगत असतो तेव्हा आपण त्याला 'मुकाट्याने जेव' म्हणून गप्प करतो. त्या बोलण्यात त्याचं पुढचं काम दडलेलं असू शकतं, असं मला मनापासून वाटतं. आणि ते बोलणं ऐकून घेणारी जागा त्याला कामावर मिळाली नाही, तर हात कितीही तयार झाला तरी तो दुसऱ्याच्या रेषा गिरवत राहतो. मियाझाकीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी लख्ख दिसतात.

त्याचा जन्म ५ जानेवारी १९४१ चा. घरचा कारखाना होता, 'मियाझाकी एअरप्लेन' नावाचा. झीरो या लढाऊ विमानांचे सुटे भाग तिथे बनत. युद्ध देशाला बुडवत होतं आणि या घरात पैसा आणत होतं. जुलै १९४५ मध्ये उत्सुनोमिया शहरावर बॉम्ब पडले तेव्हा कुटुंबाला पळायला ट्रक मिळाला. त्या दिवसांत ट्रक मिळणं ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. मियाझाकीने पुढे सांगितलेली आठवण अशी, की लहान मूल घेतलेलं कुणीतरी ट्रककडे धावत आलं, आम्हालाही घ्या म्हणालं, आणि ट्रक पुढे निघून गेला. तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. ही आठवण त्याला आयुष्यभर चिकटून राहिली. आपल्यासारख्या एखाद्या पोराने त्या वेळी आईबापांना ट्रक थांबवायला सांगितलं असतं तर काय झालं असतं, असं तो मोठेपणी बोलून दाखवायचा. आणि तसं सांगू शकणारं मूल ज्यात असेल असा सिनेमा करावा, असं त्याला वाटायचं. त्याच्या चित्रपटांतल्या मुली मोठ्यांसमोर उभ्या राहून स्वच्छ शब्दांत 'हे चूक आहे' म्हणतात, त्याचं मूळ मला या ट्रकमध्ये दिसतं.

आईला मणक्याचा क्षय झाला आणि ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. पण मतांची करारी. मुलगा मोठा झाल्यावर दोघांचे राजकारणावरून वाद व्हायचे, आणि वाद घालता घालता हा रडकुंडीला यायचा. मत मांडायचं तर ते समोरच्याच्या माऱ्यापुढे टिकवावं लागतं, याची तालीम त्याला घरीच मिळाली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये तोएई दोगाने 'हाकुजादेन' काढला: जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत कार्टूनपट, चिनी लोककथेतल्या श्वेतसर्पिणीच्या प्रेमाची गोष्ट. मियाझाकी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होता, प्रवेशपरीक्षेच्या धामधुमीत. एका साध्याशा, जुने सिनेमे लावणाऱ्या थिएटरात त्याने तो पाहिला आणि नायिकेच्या प्रेमातच पडला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय, लाज न बाळगता. बर्फ पडायला लागलं होतं, आणि हा भारावल्यासारखा चालत घरी गेला.

कहाणी इथवर गोड आहे. ती सगळ्या चरित्रांत येते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या काळात तो मांगाकार व्हायच्या तयारीत होता, आणि त्या वेळच्या तरुणांच्या चालीप्रमाणे त्याला कडवट, उपरोधिक, सगळ्यावर अविश्वास दाखवणारं काहीतरी काढायचं होतं. 'हाकुजादेन'ने त्याला उघडं पाडलं. आपल्याला खरं भावतं ते साधं, प्रामाणिक, जीव लावणारं जग. आणि आपण काढतोय ते दुसरंच, हे त्याच्या लक्षात आलं. तरीही हा मुलगा त्या सिनेमाचा भक्त झाला नाही. त्याची गोष्ट स्वस्त भावुकतेची आहे हे त्याला कळत होतं. पुढे कामाला लागल्यावर त्याने तो पुन्हा पाहिला तेव्हा निराशाच झाली. एखाद्या कलाकृतीने आपल्याला रडवावं आणि तरीही ती कुठे कच्ची आहे ते आपल्याला सांगता यावं, ही दुहेरी नजर त्याला इतक्या लवकर आली. ती शिकवून येत नाही. मात्र सतत बघून, बोलून, पुन्हा बघून तिला धार आणता येते.

दुसरी घटना तेझुकाची. ओसामु तेझुका हे त्या पिढीचं दैवत. जपानी चित्रकथा म्हणजे तेझुका, अशी परिस्थिती. अठरा वर्षांच्या मियाझाकीला लोक म्हणायला लागले, की तुझी चित्रं तेझुकासारखी दिसतात. ते कौतुक होतं की नाही कोण जाणे, पण याला ते फार लागलं. आपण वेगळे आहोत असा त्याचा समज होता. त्याने टेबलाच्या खणात साठवलेली चित्रं काढली आणि जाळून टाकली.

चित्रं जाळावीत असं मी कुणालाच सुचवणार नाही. पण यातला पीळ ओळखीचा आहे. आवडत्या चित्रकाराचा हात आपल्या हातात शिरतो, आणि तो बाहेर काढायला वर्षं जातात. आज आपल्या मुलांच्या वह्यांत जपानी मालिकांचेच डोळे, तीच टोकदार हनुवटी, तेच वाऱ्यावर उडणारे केस दिसतात. त्यात गैर काहीच नाही. सगळे नकलेपासूनच सुरुवात करतात. फक्त कधीतरी त्या मुलाला स्वतःलाच ते खटकायला हवं, आणि खटकलं की आपण त्याच्या पाठीशी असायला हवं.

विद्यापीठात चित्रकथांचं मंडळ नव्हतं, म्हणून तो बालसाहित्याच्या अभ्यासमंडळात गेला. चार वर्षं त्याने मुलांसाठी लिहिलेली देशोदेशीची पुस्तकं वाचली. शाळेतल्या चित्रकलेच्या जुन्या शिक्षकांकडे जाऊन चित्रं काढायचा, राजकारणावर बोलायचा. ॲनिमेशनचं औपचारिक शिक्षण म्हणाल तर काही नाही. मग तोएई.

तोएईतलं पहिलं काम होतं इन-बिट्वीनचं. या क्षेत्रात जाऊ बघणाऱ्यांनी ते काय असतं ते नीट डोळ्यांसमोर आणावं. टेबलाच्या मधोमध काच, काचेखाली दिवा. कागदाच्या कडेला भोकं पाडलेली. ती टेबलावरच्या खुंट्यांत अडकवली की कागद हलत नाही. वरिष्ठ चित्रकाराने हालचालीतले मुख्य टप्पे काढून दिलेले असतात. समजा, एक मुलगी वळून मागे बघते. पहिल्या चित्रात चेहरा समोर, पाचव्यात खांद्यावरून मागे. मधली तीन चित्रं नवशिक्याने काढायची: आधी तिसरं, मग दुसरं आणि चौथं. मग सगळे कागद बोटांच्या बेचक्यांत धरून फडफडवत बघायचं, हालचाल बसतेय का. नाकाची रेघ जराशी वर गेली तर पडद्यावर अख्खा चेहरा थरथरतो. बरं, दोन रेषांच्या मधोमध तिसरी मारली की भागलं, असंही नसतं. माणूस वळताना मान आधी किंचित खाली जाते, पापण्या मिटतात, केस मागाहून येतात. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. 'वान वान चुशिंगुरा' या कुत्र्यांच्या गोष्टीसाठी मियाझाकीने असं काम केलं. सिनेमा डिसेंबर १९६३ मध्ये लागला.

या कामात मत मांडायला वाव कुठे? वरवर पाहता नाहीच. गोष्ट दुसऱ्याची, पात्रं तिसऱ्याची, टप्पे चौथ्याचे. आपण मधली चित्रं भरायची. तरीही मार्च १९६५ मध्ये आलेल्या 'गलिव्हरचा अंतराळप्रवास' या चित्रपटात एक गोष्ट घडली, आणि जपानी ॲनिमेशनच्या इतिहासात ती आता कायमची नोंदली गेलीय. मियाझाकी अजून इन-बिट्वीनच करत होता. चित्रपटाचा शेवट त्याला पटेना. यंत्रमानवांनी बळकावलेल्या ग्रहावरची राजकन्या वाचते, पण शेवटपर्यंत यंत्रच राहते. हा म्हणाला, असं नको. तिचं यांत्रिक कवच तडकावं आणि आतून खरीखुरी माणसाची मुलगी बाहेर यावी. त्याने ते मांडलं, दिग्दर्शक योशिओ कुरोदाने मान्य केलं, आणि सिनेमाचा शेवट तसाच झाला.

या प्रसंगात श्रेय निम्मं मुलाचं आणि निम्मं स्टुडिओचं आहे. 'शेवट भंकस आहे' एवढं म्हणून तो घरी गेला नाही. काय असायला हवं ते त्याने दाखवलं. आणि कालपरवा लागलेल्या पोराचं काय ऐकायचं, असं म्हणून दिग्दर्शकाने ते झटकून टाकलं नाही. बदलाने अर्थही केवढा बदलला पाहा. आधी ती गोष्ट यंत्रांच्या पराभवाची होती. नंतर ती एका मुलीच्या सुटकेची झाली.

तोएईतच त्याला ताकाहाता भेटला होता. इसाओ ताकाहाता त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकलेला. १९५९ पासून तोएईत होता, पण चित्रकार म्हणून नव्हे. तो दिग्दर्शनाच्या बाजूचा माणूस. फ्रेंच दिग्दर्शक पॉल ग्रिमोच्या एका कार्टूनपटाने झपाटून तो या धंद्यात आला होता. २०१८ मध्ये ताकाहाता गेला तेव्हा निरोपाच्या सभेत मियाझाकीने पहिल्या भेटीची आठवण सांगितली: पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्यात डबकी, नेरिमाकडे जाणाऱ्या बसचा थांबा, आणि तिथे आलेला शांत, हुशार चेहऱ्याचा एक तरुण. त्या भेटीपासूनची पंचावन्न वर्षं दोघं एकमेकांशी भांडत, एकमेकांकडून शिकत राहिले.

मैत्री जुळली ती कामगार संघटनेत. १९६४ मध्ये मियाझाकी तोएईच्या संघटनेचा सचिव झाला, ताकाहाता उपाध्यक्ष. पगार, कामाचे तास, टीव्हीच्या मालिकांमुळे वाढलेला बोजा, हे सगळं तिथे बोललं जायचं. आणि त्याच बैठकांत, कामावरून सुटल्यावर, चांगला कार्टूनपट म्हणजे काय यावरही रात्र रात्र वाद व्हायचे. हे दोन विषय त्या मुलांच्या लेखी वेगळे नव्हतेच. चित्र कसं असावं याबद्दल मत आहे, तर ते काढणाऱ्याला पुरेसा वेळ आणि पोटभर पगार मिळावा याबद्दलही मत असणारच.

संघटनेनेच एक रशियन चित्रपट दाखवला: लेव अतामानोव यांचा १९५७ चा 'स्नो क्वीन'. मियाझाकीची तेव्हा चलबिचल चालू होती. मांगाकडे परत जावं का, हा विचार डोक्यातून जात नव्हता. या सिनेमाने तो थांबला. हिमराणीने पळवून नेलेल्या काईला शोधायला निघालेली गेर्दा त्यात आहे. काटक, हट्टी, थंडीवाऱ्याला न जुमानणारी. रेषांनी काढलेली मुलगी एवढ्या तळमळीने चालू शकते, तर हे काम आयुष्यभर करण्याजोगं आहे, असं त्याने ठरवलं. 'हाकुजादेन'ने त्याला ओढून आणलं होतं. 'स्नो क्वीन'ने टिकवलं. म्हणून मला वाटतं, तरुण चित्रकाराने आपल्या देशाबाहेरचं, आपल्या काळाआधीचं, भाषा न कळणारंसुद्धा बघावं. तोच तोच चॅनेल बघून मतंही त्याच त्याच साच्याची होतात.

१९६५ मध्ये 'होरुस: सूर्याचा राजपुत्र' या चित्रपटाचं काम सुरू झालं. ॲनिमेशनचा प्रमुख यासुओ ओत्सुका. हा मोठा विलक्षण माणूस: आधी सरकारी खात्यात अमली पदार्थांच्या विभागात नोकरी, वेड मात्र रेल्वेची इंजिनं आणि जीपगाड्या रेखाटण्याचं. दिग्दर्शक ताकाहाताच हवा, अशी त्याने कंपनीला अट घातली. आणि या तिघांनी काम करण्याची रीतच बदलली. कथा, पात्रं, गाव, शस्त्रं यांविषयी सर्वांनी सुचवायचं. चित्रं काढून समोर ठेवायची, त्यांवर चर्चा करायची. हुद्दा बघायचा नाही. मियाझाकी कागदोपत्री साधा ॲनिमेटर. पण तो रोज गठ्ठ्यांनी चित्रं आणायला लागला. गावाची रचना, घरं, नावा, दगडाचा महाकाय राक्षस. कुणी मागितलेली नव्हती. शेवटी त्याच्यासाठी श्रेयनामावलीत एक वेगळंच पद आलं, दृश्यरचनेचं.

काम लांबलं. खर्च वाढला, कंपनी चिडली, मध्ये काही काळ कामच थांबवलं गेलं. मियाझाकीचं लग्न ऑक्टोबर १९६५ मध्ये झालं, तिथल्याच ॲनिमेटर अकेमी ओता हिच्याशी. जानेवारी १९६७ मध्ये थोरला मुलगा झाला. सिनेमा लागला २१ जुलै १९६८ ला. पैसे संपत आल्याने दोन मोठे प्रसंग, लांडग्यांचा गावावरचा हल्ला आणि उंदरांचा हल्ला, स्थिर चित्रांवरून कॅमेरा फिरवून उरकावे लागले. आजही बघताना ते जाणवतं, आणि दरवेळी जीव हळहळतो. चित्रपट जेमतेम दहा दिवस चालला. ताकाहाताला तोएईत पुन्हा चित्रपट मिळाला नाही.

पण हिल्दा नावाची त्यातली मुलगी पाहावी. गोड गाते, गावाचा घात करते, आणि आपण करतोय ते चूक आहे हे तिला कळतं. मुलांच्या कार्टूनमध्ये असं दुभंगलेलं पात्र तेव्हा कुणी कल्पिलं नव्हतं. व्हिएतनामच्या युद्धाचे ते दिवस, विद्यार्थ्यांच्या मोर्चांचे. गाव एकजुटीने लढतं तो शेवट त्या काळातूनच आला. तिकीटबारीवर पडलेल्या या सिनेमाचं नाव आज जपानी ॲनिमेशनचा इतिहास सांगताना टाळता येत नाही.

आता तेझुकाकडे परत जायला हवं, कारण मियाझाकीच्या सगळ्या मतांत वादग्रस्त मत तेच आहे. १ जानेवारी १९६३ ला, म्हणजे मियाझाकी नोकरीला लागण्याच्या तीनच महिने आधी, तेझुकाची 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. एवढी चित्रं काढणं अशक्य, म्हणून एक चित्र तीन-तीन फ्रेम किंवा त्याहून जास्त धरायचं, फक्त तोंड हलवायचं, जुनी दृश्यं पुन्हा वापरायची. आणि भाग विकायचा तो खर्च भरून निघणार नाही इतक्या कमी किमतीला. १९८९ मध्ये तेझुका गेल्यावर सगळा जपान शोकात असताना मियाझाकीने लिहिलं, की चित्रकथाकार म्हणून तेझुका थोर, पण ॲनिमेशनमध्ये त्याने जे केलं आणि सांगितलं ते चूक होतं. स्वस्तात विकण्याचा पायंडा त्याने पाडला आणि त्याची झळ चित्रकारांना बसली. तेझुकाच्या १९६२ च्या एका लघुपटात भिंतीवरच्या पोस्टरांमधले कलावंत लष्करी बुटांखाली तुडवले जातात. ते बघून तरुण मियाझाकीच्या अंगावर काटा आला होता, तो कौतुकाचा नव्हे. मरण सुंदर करून दाखवण्याची ती हौस त्याला सहन झाली नव्हती.

हे मत मला अर्धंच मान्य आहे. किमतीबद्दलचा राग रास्त आहे. जपानी ॲनिमेटरांच्या तुटपुंज्या मोबदल्याची चर्चा आजही संपलेली नाही. पण 'ॲस्ट्रो बॉय' नसती तर टीव्हीवर कार्टूनला बाजारच उभा राहिला नसता, आणि मग १९७४ ची 'हायडी' कुठून आली असती? ताकाहाताने दिग्दर्शित केलेल्या या ५२ भागांच्या मालिकेत जवळपास प्रत्येक दृश्याची मांडणी मियाझाकीने केली, दर आठवड्याला, वर्षभर. तेझुकाने उघडलेल्या दारातूनच तो आत गेला होता. मात्र आत गेल्यावर त्याने निराळं काही केलं. चित्रं कमी, तर हालचाल कुठे खर्चायची ते ठरवायचं: ब्रेडवर वितळणारं चीज, गवतावर धावताना काढून फेकलेले कपडे, माळ्यावरच्या सुक्या गवताची गादी. त्यासाठी ती मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर बघून आली होती. तेझुकावरची त्याची सर्वांत चांगली टीका मला 'हायडी'त दिसते.

'हायडी' बनवणाऱ्या मंडळींतूनच पुढे निप्पॉन ॲनिमेशन ही कंपनी उभी राहिली. तिची 'मोगली' आपण १९९३ मध्ये रविवारी दूरदर्शनवर पाहिली. ती जपानी आहे हे तेव्हा बहुतेकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इथे मुंबईचं एक साल सांगायलाच हवं. तोएई दोगा स्थापन झाला १९५६ मध्ये. त्याच वर्षी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स कार्टून विभागातल्या तरुणांना शिकवत होते, आणि त्या तरुणांत राम मोहन होते. १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' हा लघुपट तयार झाला. म्हणजे सुरुवात आपणही त्याच सुमारास केली, हातही तितकेच तयार होते. त्यांतून पुढे चांगली कामं झाली. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची फिल्म, भीमसेन यांच्या ॲनिमेशनची, आजही तीन पिढ्यांना आठवते. राम मोहन यांनी जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत 'रामायणा' केलं, तिथे भारत आणि जपान एका टेबलावर आले. पण आपल्याकडे कार्टून बराच काळ सरकारी संदेश आणि जाहिराती यांच्याच आधाराने जगलं. पुढे मोठे स्टुडिओ निघाले ते मुख्यतः परदेशी कामाच्या जोरावर. गोष्ट तिकडे ठरते, पात्रं तिकडे ठरतात. इथे चित्रं भरायची, रंग भरायचे, थ्रीडी मॉडेलला हालचाल द्यायची. त्या कामाने हजारो घरं चालली, आणि हातांना शिस्त लागली, हे मी कमी लेखत नाही. पण अंधेरीतल्या किंवा पुण्यातल्या बावीस वर्षांच्या मुलाला शेवट पटला नाही, तर त्याने सांगायचं कुणाला? त्याचा कुरोदा दुसऱ्या खंडात बसलेला असतो.

म्हणून आपल्या मातीत स्वतःचं मत घेऊन उभे राहिलेले लोक मला फार मोलाचे वाटतात. गीतांजली राव जे. जे. मधून शिकून राम मोहन यांच्या स्टुडिओत उमेदवारी करून बाहेर पडल्या आणि २००६ मध्ये 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट स्वतःच्या हाताने रंगवून कानच्या चित्रपट महोत्सवात घेऊन गेल्या. पुढे 'बॉम्बे रोज' हा अख्खा चित्रपट फ्रेममागून फ्रेम रंगवला गेला. गजरे विकणारी मुलगी, जुन्या मुंबईचे रस्ते. वैभव कुमारेश यांच्या 'लॅम्पुट'मध्ये एक नारिंगी गोळा आणि त्याच्यामागे धावणारे दोन शास्त्रज्ञ, संवाद एकही नाही, आणि जगभरची मुलं हसतात. दोन्ही कामं एकमेकांपासून कोसभर लांब आहेत. दोन्हींत बनवणाऱ्याचं 'मला असंच हवंय' ठळक दिसतं.

मार्च २०२५ मध्ये आपापले फोटो एआयकडून घिबलीच्या शैलीत बदलून घेण्याची लाट आली. मियाझाकीचं एक जुनं वाक्य तेव्हा फिरत होतं, हा सगळा जीवनाचा अपमान आहे अशा अर्थाचं. ते २०१६ मधलं, आणि त्याचा रोख वेगळ्या गोष्टीवर होता: यंत्राने तयार केलेली, डोक्याच्या आधाराने सरपटणाऱ्या एका आकृतीची हालचाल त्याला दाखवली होती. ती बघून त्याला आपला एक अपंग मित्र आठवला, ज्याला हात उचलून टाळी द्यायलाही कष्ट पडतात. शरीराच्या वेदनेचा विचार न करता हालचाल बनवली, हा त्याचा आक्षेप होता. इन-बिट्वीन करणाऱ्या मुलाचाच तो आक्षेप आहे. मान आधी खाली का जाते हे ज्याने हजारो वेळा काढून पाहिलं, त्याला दुखणाऱ्या शरीराची थट्टा लगेच कळते. लाटेच्या दिवसांत चित्रकलेची तयारी करणाऱ्या कितीतरी मुलांच्या पोटात गोळा आला, आपण शिकून काय करणार म्हणून. त्या मुलांना मला हेच सांगावंसं वाटतं, की शैली उचलता येते. 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या १,४४,००० सेलपैकी, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर उतरवलेल्या चित्रांपैकी, ८०,००० च्या आसपास चित्रं ज्याने स्वतः तपासली, सुधारली, त्या माणसाचं 'हे पटत नाही' उचलता येत नाही.

मियाझाकीने १९७१ मध्ये तोएई सोडलं. पिप्पी लाँगस्टॉकिंग या स्वीडिश बालपुस्तकांतल्या मुलीवर मालिका करायची होती, त्यासाठी तो स्वीडनला जाऊन आला; लेखिकेची परवानगी मिळाली नाही. काढलेली चित्रं वाया गेली असं वाटलं, पण त्यांतलं बरंच 'पांडा कोपांडा' या कार्टूनपटात उतरलं, आणि विस्बी शहरात पाहिलेल्या गल्ल्या पुढे 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मध्ये आल्या. १९७९ चा त्याचा पहिला चित्रपट चालला नाही. नंतर त्याने मांडलेल्या कल्पना कुणी घेईना, तेव्हा तो मांगाकडेच वळला, 'नॉसिका' काढायला लागला. १९८४ मध्ये तिचा सिनेमा झाला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. एकवीस वर्षं गेली मधे. ॲनिमेशनमध्ये जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हा आकडा घाबरण्यासाठी नव्हे, तर घाई न करण्यासाठी लक्षात ठेवावा.

घिबली निघाला १९८५ मध्ये. सुरुवातीला एकेका चित्रपटापुरती माणसं गोळा करायची, चित्रांच्या संख्येवर पैसे द्यायचे आणि सिनेमा संपला की पांगायचं, अशीच रीत होती, इतर सगळीकडे होती तशी. १९८९ मध्ये 'किकी' चालला. त्यानंतर मियाझाकीने धरून बसायचं ठरवलं: सगळ्यांना कायम नोकरीत घ्यायचं, महिन्याचा पगार द्यायचा, कमाई दुप्पट करायची, आणि दरवर्षी नवी मुलं घेऊन त्यांना शिकवायचं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून तसं सुरू झालं. ॲनिमेशनमध्ये खर्चाचा सगळ्यांत मोठा भाग माणसांचा असतो, त्यामुळे ताकाहाताच्या पुढच्या चित्रपटाचा खर्च एकदम वाढला आणि स्टुडिओ चालवणारे चिंतेत पडले. संघटनेच्या सचिवाने पंचवीस वर्षांपूर्वी तोएईच्या बैठकांत मांडलेला मुद्दा आता त्याच्याच स्टुडिओच्या पगारपत्रकावर चढला होता.